सहकारी भांडाराच्या निवडणुकीस उभे राहताना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पौड, ता. मुळशी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाने आम्हांस आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेला. विद्वत्तेचे व्याख्यान आमच्याकडून व्हावयाचे नाही. परंतु आज जो विषय आम्ही हाती घेतला आहे त्यास बेरीज-वजाबाकीहून फारशी मोठी विद्या लागत नाही, अशी आमची समजूत आहे. तो विषय म्हणजे सहकारी धान्य भांडाराच्या संचालक मंडळाची निवडणूक.

विषय निघण्याचे कारण आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. आपल्या भागातील एका सहकारी भांडाराची निवडणूक जवळ आली आहे. आपल्या ज्ञातीतील एक तरुण आणि एक भगिनी असे दोघे उमेदवारी अर्ज भरण्याच्या विचारात आहेत. ही आनंदाची वार्ता होय. तिच्याबरोबरच मंडळाकडे एक सूचना आली की, ज्ञातीतील सर्व सभासदांनी आपली मते या दोघांनाच द्यावी, असा ठराव आजच्या संमेलनात व्हावा. कार्यकारी मंडळात त्यावर दोन तट पडले आणि हा प्रश्न सर्वांपुढे मोकळेपणाने मांडावा, असे अध्यक्षांनी ठरविले. त्या आज्ञेनुसार आम्ही बोलत आहोत. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. या दोघांनी अवश्य उभे राहावे, आणि असा ठराव मात्र मंडळाने करू नये. ही दोन्ही मते परस्परांविरुद्ध वाटतील. ती तशी का नाहीत, हे पटवून देण्यासाठी आपला थोडा वेळ घेतो.

प्रथम सहकारी भांडार म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडात रॉचडेल नावाचे विणकरांचे गाव आहे. तेथे १८४४ साली, डिसेंबर महिन्याच्या २१ तारखेस, २८ माणसांनी मिळून एक लहानसे दुकान उघडले. भांडवल २८ पौंड. विक्रीस लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. त्या काळी गिरणगावातील दुकानदार पिठात भेसळ करीत, मापात मारीत आणि उधारीत मजुरास जखडून ठेवीत. या लोकांनी नियम केले ते असे. माल शुद्ध व माप पुरते असावे. व्यवहार रोखीचा असावा. वर्षअखेर जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटावा. आणि भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदास मत एकच असावे. जगभरच्या सहकारी भांडारांचे मूळ या चार नियमांत आहे.

यांतील शेवटचा नियम मुळशीच्या माणसास निराळा समजावून सांगावयास नको. १९२१ साली आपल्या याच खोऱ्यात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरणाच्या पाण्याखाली आपल्या मावळ्यांची भातखाचरे गेली, घरेदारे गेली. ते धरण बांधणारी एक भांडवली कंपनी होती. कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक असतात. ज्याचे शेत बुडावयाचे त्यास त्या सभेत बोलावयास जागाच नव्हती. सहकारी संस्थेची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे शंभर भाग घेणारा सावकार आणि एक भाग घेणारी मोलकरीण मतदानाच्या दिवशी सारखीच. हा हक्क आपणांस महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याने दिलेला आहे. असा हक्क हाती असताना तो न वापरणे, अथवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून वापरणे, हे आपल्या वाडवडिलांच्या हालअपेष्टा विसरण्यासारखे आहे.

आता ज्ञाती आणि सहकार यांच्या संबंधाकडे वळू. आमचा ठरावास विरोध आहे म्हणून कोणी असे समजू नये की, ज्ञातीने सहकारात लक्षच घालू नये असे आमचे म्हणणे आहे. इतिहास तसा नाही. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०६ साली, मुंबईत रावबहादूर तालमकी यांनी सारस्वत समाजातील गरजू कुटुंबांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था सुरू केली. १९१८ साली सारस्वत सहकारी संस्था निघाली. तीच आजची सारस्वत बँक. या दोन्ही संस्था ज्ञातीच्या मायेतून जन्मल्या, यात शंका नाही. त्या काळी कोणी कोणास कर्ज द्यावयाचे तर माणूस ओळखीचा असणे अगत्याचे होते, आणि ओळख म्हणजे नातेगोते व ज्ञाती, एवढीच असे. पण पुढे काय झाले ते पाहा. त्या वाढल्या आणि आज त्यांची दारे सर्वांना उघडी आहेत. ज्ञातीने आरंभीचा विश्वास पुरविला. तो विश्वास पुढे शंभर वर्षे टिकला तो चोख हिशेबामुळे. ज्यांस ज्ञातीच्या जोरावर संस्था चालवावयाची असेल त्यांनी हा दाखला अर्धाच वाचू नये.

भांडारांचा इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत १९४३ साली शिधावाटप आले आणि त्या सुमारास ठिकठिकाणी ग्राहक भांडारे निघाली. नियंत्रित माल भांडाराकडेच मिळत असल्यामुळे गिऱ्हाईक आपोआप दारी येई. संचालकांस फारशी धडपड करावी लागत नसे. १९५४ च्या सुमारास धान्यावरील नियंत्रणे उठली आणि यांतील पुष्कळ भांडारे एकामागून एक मिटली. कारण उघड होते. गिऱ्हाईक राखावे कसे, हे तेथे कोणी शिकलेच नव्हते. याच्या उलट १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत जे भांडार निघाले ते वाढत गेले आणि पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घराघरांत माहीत झाले. तसेच आपल्या सह्याद्रीच्या कुशीतील वारणानगर घ्या. तेथे तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने १९७८ साली वारणा बाजार सुरू झाला. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्याला शहरासारखा माल आपल्या दारी मिळू लागला. दोन्ही ठिकाणी सरकारी कायदा एकच, मालही तोच. जगले ते भांडार ज्याच्या संचालकांनी गिऱ्हाइकाची गरज ओळखली.

तेव्हा भांडार चालते कसे आणि बुडते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपण शाळेतल्याप्रमाणे एक उदाहरण मांडू. समजा, एका भांडाराची वर्षाची विक्री २० लाख रुपये आहे. खरेदी-विक्रीच्या भावातील फरक सरासरी शेकडा ८ धरला तर १ लाख ६० हजार रुपये हाती येतात. एका विक्रेत्याचा पगार दरमहा ९ हजार म्हणजे वर्षास १ लाख ८ हजार. भाडे, वीज, हमाली यांस ३० हजार. उरले २२ हजार. विक्रीपैकी १२ लाखांचे धान्य असेल आणि त्यात सुकणे, सांडणे, कीड व उंदीर मिळून शेकडा एक घट आली, तर १२ हजार गेले. राहिले १० हजार. आता असे समजा की, वर्षभर २ लाख रुपये उधारीत अडकून पडले आणि तितकी रक्कम भांडारास बँकेकडून शेकडा १० व्याजाने घ्यावी लागली. व्याज झाले २० हजार. म्हणजे जेथे १० हजारांचा नफा होता तेथे १० हजारांचा तोटा झाला. या सबंध हिशेबात कोणी चोरी केली नाही, कोणी लाच खाल्ली नाही. केवळ उधारी दिली.

हे उदाहरण आम्ही कल्पनेतून मांडले, पण त्याची प्रचीती आम्ही घेतली आहे. आमच्या नोकरीच्या काळात एका गावी नोकरदारांचे असे एक भांडार होते. गावाचे नाव घेण्याचे कारण नाही. आम्ही त्याचे सभासद होतो. संचालक सात आणि सातही भले गृहस्थ. त्यांच्यावर पैसा खाल्ल्याचा आरोप शत्रूनेही केला नसता. परंतु प्रत्येकाच्या शब्दावर दहा-दहा घरांस उधारी मिळे. हा आमच्या आळीतला, तो आमच्या भावकीतला, तो आमच्या पॅनेलचा, अशी उधारीची वही फुगत गेली. व्यापारी रोख मागू लागला तेव्हा भांडारास हलका माल महाग घ्यावा लागला. भाव बाजारापेक्षा चढला तसे रोखीचे गिऱ्हाईक वाण्याकडे गेले आणि भांडारात उरले ते केवळ उधारीवाले. एके दिवशी कुलूप पडले. आमच्या भागाची रक्कम गेली. ती मोठी नव्हती. दुःख झाले ते याचे की, त्या आळीतील विधवा व कष्टकरी बायांनी पै-पै जमवून घेतलेले भागही त्याच कुलपाआड गेले. त्यांनी एक दाणाही उधार घेतला नव्हता.

ज्ञातिबंधूंनो, आता ठरावाला आमचा विरोध का, हे आपल्या ध्यानात आले असेल. ज्या उमेदवारास आपण केवळ ज्ञातीचा म्हणून निवडून देऊ, त्याच्या दारी दुसऱ्याच दिवशी आपण काय मागावयास जाणार? उधारी, आपल्या मुलास विक्रेत्याची नोकरी, आपल्या मेहुण्यास मालपुरवठ्याचे काम! त्याने नाही म्हटले तर आपण म्हणणार, याला आम्ही ज्ञातीच्या मतांवर निवडून दिले आणि हा उलटला. त्याने हो म्हटले तर भांडार बुडेल. म्हणजे ठराव करून आपण आपल्याच माणसास कात्रीत धरतो. शिवाय आपण ठराव केला तर दुसरी ज्ञातीही करील. तिने तसे का करू नये? मग तांदूळ कसा आहे, तूर कशी आहे, हे कोणी विचारणारच नाही. केवळ डोकी मोजली जातील, आणि ज्या ज्ञातीची डोकी थोडी तिला पाच वर्षे हात चोळीत बसावे लागेल. कायद्याने भांडाराचे सभासदत्व खुले ठेवले आहे. पात्र माणसास सबळ कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. दार खुले ठेवून आत मात्र ज्ञातवार पाट मांडावयाचे, हे सहकाराच्या मूळ हेतूस सोडून आहे.

मग आपल्या दोघांनी उभे का राहावे? कारण भली माणसे उभी राहत नाहीत, ही आपल्या तालुक्यातील सहकाराची खरी दुखणी आहे. आज मुळशीचे रूप पालटले. हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आल्या, पिरंगुटास कारखाने आले, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हाती पैसा आला त्या घरातील सुशिक्षित माणूस म्हणतो, त्या सोसायटीच्या भानगडीत कोण पडतो? तो पडत नाही म्हणून दुसरा कोणी पडतो, आणि मग हाच सुशिक्षित माणूस पारावर बसून त्या दुसऱ्यास नावे ठेवतो. आंबेमोहोर तांदूळ ज्या मातीत पिकतो तेथील माणसाने दुकानातून कसला तरी सुवास चोळलेला तांदूळ आंबेमोहोर म्हणून विकत घ्यावा, ही लाजेची गोष्ट नव्हे काय? खरा माल आपल्या शेतकऱ्याकडून घेऊन योग्य भावात आपल्याच घरांस पोहोचविणे, हे काम सहकारी भांडाराने करावयाचे. आणि ते कोण करणार? ज्यास भात कळते तो.

संचालकास काय कळावे लागते याचा एक लहान नमुना सांगतो. दिवाळीच्या पुढेमागे भात निघते. तेव्हा भाव उतरलेला असतो, परंतु दाण्यात ओल असते. ओल्या भाताची खरेदी केली तर वजनात मार बसतो आणि पुढे बुरशी येते. भाताचा तांदूळ साधारण दोन तृतीयांश उतरतो. त्यात कण्या किती निघाल्या यावर भाव ठरतो. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उतारा थोडा देतो, म्हणून तो महाग. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी हा आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आला. तो उताऱ्यास बरा, वासास चांगला, पण शिजला की चिकट होतो. आमच्या मुळशीकरास तो चालतो, परंतु मोकळा भात हवा असणाऱ्या गिऱ्हाइकास जुना कोलम दाखवावा लागतो. हे सर्व ज्यास ठाऊक आहे, अथवा ठाऊक असणाऱ्यास विचारण्याची ज्यास लाज वाटत नाही, तो चांगला संचालक. नुसता भाषणे करणारा नव्हे.

येथे आम्हांस भगिनींविषयी विशेष बोलावयाचे आहे. कायद्याने संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी राखल्या आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी काय दिसते? अर्जावर नाव बाईचे, सभेत खुर्चीवर नवरा अथवा दीर, आणि सभावृत्तान्ताची वही सहीपुरती घरी. असे उमेदवार देण्यापेक्षा न दिलेले बरे. घरात महिन्यास तूरडाळ किती लागते, कोणत्या गव्हाची पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, कोणते तेल फसफसते, हे बायांस ठाऊक असते. पुरुषांस ते बहुधा ताटात पडल्यावरच कळते! मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही देशभर पसरलेली संस्था उभी राहिली. तिचा कारभार पाहणाऱ्या भगिनी या त्याच संस्थेतील कष्टकरी सभासदांतून पुढे आलेल्या असतात. आपल्या मावळ-मुळशीतून मुंबईस गेलेल्या डबेवाल्यांकडे पाहा. तेथेही मुकादम होतो तो मुरलेला डबेवालाच. ज्याने स्वतः डबा वाहिला त्याचाच शब्द गटात चालतो. म्हणून आपल्या भगिनीने उभे राहताना एक अट घरच्यांस घालावी: सभेस मी जाईन, मी बोलेन, आणि सही करण्यापूर्वी वाचीन. घरच्यांस ही अट मान्य नसेल तर मंडळाने त्यांची समजूत घालावी. ज्ञातिमंडळाचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे.

आता उमेदवारांस कायद्याच्या चार गोष्टी सांगतो. २०१३ साली सहकार कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. संचालकांची संख्या जास्तीत जास्त २१ आणि मुदत ५ वर्षे, हे त्यात ठरले. निवडणूक घेण्याचे काम राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेले. आधी तात्पुरती मतदारयादी लागते, तीवर हरकती घेता येतात. मग उमेदवारी अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, मतदान व मोजणी, असा क्रम असतो. अर्जास सूचक व अनुमोदक लागतात. जो स्वतः संस्थेचा थकबाकीदार आहे त्यास संचालक होता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संचालक मंडळाने घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी सर्व संचालकांवर मिळून असते, तशी प्रत्येकावर व्यक्तिशःही असते. ‘मी सभेस होतो, पण मागे बसलो होतो,’ ही सबब चालत नाही. एखादा निर्णय चुकीचा वाटला तर आपला विरोध सभावृत्तान्तात लिहून घेण्याचा आग्रह संचालकाने धरावा. नफा झाला तरी तो सगळा वाटता येत नाही. निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीस टाकावा लागतो आणि भागावरील लाभांश शेकडा १५ हून अधिक देता येत नाही. ‘मला निवडून द्या, मी पंचवीस टक्के लाभांश देतो,’ असे जो म्हणेल त्याने कायदा वाचलेला नाही, हे खुशाल समजावे.

ठराव नको, तर मंडळाने काय करावे? आमची सूचना अशी की, मंडळाने मतांचा ठराव न करता पाच प्रश्नांची यादी करावी, आणि ती कोणत्याही ज्ञातीच्या, कोणत्याही पॅनेलच्या उमेदवारापुढे ठेवावी. आपल्या दोघांपुढे तर सर्वांच्या आधी ठेवावी. ते प्रश्न असे.

पहिला, गेल्या वर्षात आपण स्वतः भांडारातून किती महिने माल भरला? जो वाण्याकडून माल घेतो आणि भांडाराचा संचालक होऊ पाहतो, त्यास खुर्चीपुरतेच भांडार हवे आहे.

दुसरा, मागील तीन वर्षांचे ताळेबंद व लेखापरीक्षकाचे अहवाल आपण वाचले काय? लेखापरीक्षकाने संस्थेस अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग दिला, आणि त्याने दाखविलेले दोष दुरुस्त झाले काय?

तिसरा, आपल्या व आपल्या निकटच्या नातलगांच्या नावावर भांडाराची उधारी किती आहे?

चौथा, भांडारास माल पुरविणाऱ्या कोणा व्यापाऱ्याशी आपला धंद्याचा अथवा नात्याचा संबंध आहे काय? असल्यास त्याच्या खरेदीचा विषय निघेल तेव्हा आपण बाजूस होणार काय?

पाचवा, दरमहा एक सभा आणि माल उतरतो त्या दिवशी एक फेरी, एवढा वेळ आपणांस पाच वर्षे देता येईल काय?

या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा परज्ञातीचा उमेदवार असेल आणि उत्तरे टाळणारा आपल्या ज्ञातीचा असेल, तर आपले मत कोणास द्यावे, हे आम्ही सांगावयास हवे असे नाही. आणि आपले दोघेही या कसोटीस उतरले, तशी आम्हांस पूर्ण आशा आहे, तर त्यांना ज्ञातीच्या बाहेरूनही मते मिळतील. तीच मते त्यांना पुढे पाच वर्षे ताठ मानेने काम करू देतील.

बिनविरोध निवडणुकीविषयीही एक शब्द. निवडणुकीचा खर्च व भांडणे टाळण्यासाठी गावोगाव बिनविरोधाची प्रथा आहे. गावाच्या भर सभेत प्रश्नोत्तरे होऊन सर्वांनी एकमताने नावे ठरविली तर ते उत्तमच. परंतु कोणा एकाच्या माडीवर अथवा धाब्यावर रात्री चार पुढाऱ्यांनी नावे वाटून घेतली आणि सकाळी इतरांकडून माघारीचे कागद घेतले, तर ते बिनविरोध नव्हे, ती मतदाराच्या तोंडावर बांधलेली पट्टी होय. तशा वेळी आपल्या उमेदवाराने हरण्याची तयारी ठेवूनही अर्ज कायम ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण निवडणुकीच्या निमित्ताने ताळेबंद चार लोकांपुढे उघडला गेला तरी सभासदांचा फायदाच होतो.

शेवटी सभासद कुटुंबांस काही सांगावयाचे आहे, कारण संचालक कितीही चांगला असला तरी सभासद झोपलेला असेल तर त्याचा इलाज चालत नाही. घरोघरी जुने भागपत्र काढून पाहा. ते वारलेल्या वडिलांच्या अथवा आजोबांच्या नावावरच असेल तर वारसाचे नाव लावून घ्या. मयताच्या नावावरचे मत आपल्याला देता येत नाही, आणि ते नाव यादीत तसेच राहणे संस्थेस भूषणावह नाही. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सभासदत्व बहुधा जमिनीच्या खात्यास जोडलेले असते, म्हणून तेथे बायांची नावे थोडी. ग्राहक भांडारास सातबारा लागत नाही. तेव्हा घरातील गृहिणीच्या नावाने निराळा भाग घ्या. तात्पुरती मतदारयादी लागली की आपले नाव स्वतः जाऊन पाहा. वार्षिक साधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत व्हावयास पाहिजे. त्या सभेस चहा-फराळापुरते न जाता अहवालाचे पुस्तक आधी वाचून जा. ताळेबंदात ‘येणे’ या मथळ्याखालील आकडा मागील वर्षापेक्षा वाढला असेल तर उभे राहून कारण विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे वैर धरणे नव्हे, एवढी शिकवण आपण आपल्या मुलांस शाळेत देतो. ती वडीलधाऱ्यांनीही पाळावी. आणि रोख पैसे देऊन माल न्या. हे शेवटचे सांगणे सर्वांत कडू आहे, पण भांडाराचे औषध तेच आहे.

गाव करी ते राव न करी, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या म्हणीतील गाव म्हणजे सबंध गाव, आपली एक आळी नव्हे, एवढेच आमच्या आजच्या बोलण्याचे तात्पर्य. आपल्या दोन्ही उमेदवारांस आमचा आशीर्वाद आहे. त्यांनी ज्ञातीचा आधार मागण्याऐवजी ज्ञातीचे प्रश्न अंगावर घ्यावे, आणि मंडळाने ठरावाचा कागद बाजूस ठेवून प्रश्नांचा कागद पुढे करावा, अशी आमची विनंती आहे. तीवर विचार करून अध्यक्षमहाराज योग्य तो निर्णय देतीलच.